सातव्या मण्यापाशी

पोरगी खरं बोलत होती. आधी एवढं ध्यानात घ्या, मग माझं पुढचं ऐका. "मला आकडं कळत न्हाईत," असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. घरात सांगितलं, शाळेत सांगितलं, आजोबाला सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. सगळे म्हणाले, नाटक करते.

मी माळ बोलतेय. गळ्यात घालायची नव्हे आणि देवाचं नाव घ्यायचीही नव्हे. शंभर मण्यांची, दहा तांबडे, दहा पांढरे, पुन्हा दहा तांबडे, अशी गाठवलेली गणिताची माळ. माझं शिक्षण शंभरापर्यंतच. त्याच्या पुढचं मला विचारू नका. पण शंभराच्या आत काय काय झालं ते मला तोंडपाठ आहे, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

जुन्नरच्या बाजारात चांदबीचं एवढंसं दुकान आहे. मंगळसूत्रं, करगोटे, पोतीचे सर, काय म्हणाल ते ती गाठवून देते. तिथं माझा जन्म झाला. मंगल मॅडम स्कूटीवरून आल्या आणि त्यांनी लाकडी मणी तिच्यापुढे ओतले. ज्या मुलांना वाचायला, लिहायला, मोजायला जड जातं त्यांना शिकवायला या मॅडम गावोगावच्या शाळांत फिरतात.

चांदबीनं मला तिच्या रिवाजाप्रमाणे घट्ट गाठवलं. मण्याला मणी असा बिलगलेला की मधून मुंगी जाणार नाही. मॅडमनी मला हातात धरलं, एक मणी सरकवून बघितला, तो हलेना.

"चांदबी, उसवा ही. दोरा लांब घ्या, ढिला सोडा."

"ढिला?" चांदबीनं चष्म्याच्या वरून बघितलं. "बाई, चाळीस वर्षं झाली गाठवतीय. ढिला दोरा म्हंजी माझी अब्रू गेली. लोक म्हणतील, म्हातारीचा हात सुटला."

"मणी सरकला नाही तर पोरगी मोजणार कशी? तिला हाताला लागल्याशिवाय आकडा कळत नाही."

"लेकराला शिकवायची हाय व्हय?" चांदबीनं गाठ उसवायला घेतली. "मग सोडते ढिला. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

अशी मी ढिली जन्मले. बिननावाची.

पेठच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की एक वस्ती लागते. नाव सांगत नाही. सांगितलं की आजूबाजूचे म्हणतील, आमच्या शाळेत नाही बाई असं. सगळीकडे असंच आहे. त्या वस्तीवर जानकू नावाचा म्हातारा, त्याचा मुलगा दादाभाऊ, सून आशा आणि नात प्रांजल. मूळची मेंढरामागची माणसं. आता कांदा-बटाटा करतात, पण जानकूनं मेंढरं सोडलेली नाहीत. आठवीतल्या प्रांजलच्या दप्तरात मी गेले ते गेल्या पावसाळ्यात.

आता या पोरीचं ऐका. मराठीचा धडा एकदा ऐकला की पाठ. इतिहास विचारा, भूगोल विचारा, कोण कुणाचा आतेभाऊ ते विचारा. पण नऊ आणि सहा किती म्हटलं की डोळे पाण्यात बुडाल्यासारखे व्हायचे. घड्याळ तिला कळायचं नाही. एकोणपन्नास म्हटलं की तोंडात पन्नास यायचे आणि वहीत भलतंच काहीतरी. सहा लिहिताना नऊ व्हायचा, नऊ लिहिताना सहा. एकदा नाही, दर वेळी.

आणि लोकांची चूक कुठं झाली माहीत आहे? मेंढरांपाशी.

एका संध्याकाळी प्रांजल आजोबाबरोबर कळप घेऊन रस्त्यानं येत होती. गणिताचे संपत सर मोटरसायकलवरून चालले होते, कळपात अडकले. पोरगी एकदम थांबली, ओरडली, "आजा, कानतुटी मागं ऱ्हायली!" जानकू माघारी गेला, तर खरंच कान फाटलेली मेंढी ओढ्याच्या काठाला झुडपात अडकलेली. एवढा मोठा कळप, सगळी एका रंगाची मेंढरं, आणि पोरीनं एका नजरेत सांगितलं कोण नाही. जानकू सरांना मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "बघा सर, नात हाय का मास्तरीण! मेंढरू चुकलं की हिला कळलंच."

झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला वर्गात उभं केलं.

"काय गं, काल अख्खा कळप मोजलास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि इथं तुला पंधरा आणि आठ येत नाही?"

"म्या मोजली न्हाई सर. म्या बघितली."

वर्ग हसला. सरही हसले. "बघितली म्हणे! मग हे पण बघ आणि सांग."

अरे, काय खोटं होतं त्यात? तुमच्या घरात माणसं जेवायला बसली आणि आजी आली नाही, तर तुम्ही मोजून सांगता का? तोंडं बघता आणि सांगता. प्रांजलला प्रत्येक मेंढीचं तोंड माहीत होतं. त्यात आकडा कुठं आला? पण सरांनी ठरवलं, वस्तीनं ठरवलं, आई आशानंसुद्धा ठरवलं. ज्या पोरीला एवढी मेंढरं सांभाळता येतात तिला गणित येत नाही म्हणजे कामचुकारपणा. पोरगी ज्यात हुशार होती तेच तिच्या अंगावर फेकलं.

मंगल मॅडमनी एकट्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्या दर बुधवारी यायच्या. शाळेच्या मागं लिंबाखाली दोघी बसायच्या, मधे मी.

"आकडं सरकत्यात मॅडम," प्रांजल म्हणाली. "धरलं की निसटत्यात."

"मग सरकणाऱ्या वस्तूवरच धरू आपण," मॅडम म्हणाल्या. "घे. सात मणी इकडं आण. डोळे मिट. बोटांनी बघ."

पोरीनं डोळे मिटले. अंगठा फिरला. एक, दोन, तीन... सातव्या मण्यापाशी येऊन थांबला. तिथं दर वेळी थांबायचा. पुढं आठ का सहा, तिला आठवायचं नाही. अंगठ्याला घाम यायचा. तो ओला सातवा मणी मला अजून आठवतो.

मॅडम घाई करायच्या नाहीत. आठ आणि पाच म्हणजे आधी तांबडे दहा पुरे कर, मग पांढऱ्यातले उरलेले घे. एकोणपन्नास म्हणता येत नाही? नको म्हणू. चाळीस आणि नऊ म्हण. कागदावर नंतर, आधी मण्यावर. एका बुधवारी पोरीला तेरा आले. तिनं तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेरा. मग ती हसली. शाळेत हसताना मी तिला पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या बुधवारी ते तेरा पुन्हा गेले. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कपाळाला आठी नाही. बाकी सगळी दुनिया म्हणते, "काल आलं होतं की!" हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं ना, तो समोर आला तर माझ्या शंभर मण्यांनी त्याचं तोंड फोडीन. काल आलं होतं म्हणजे आज मुद्दाम विसरली, होय? पाय लचकलेल्याला म्हणा की, काल तर चालत होतास.

वर्गातल्या पोरांनी माझं नाव जपमाळ ठेवलं. "ए बुवाबाई, जप झाला का?" असं ओरडायची. संपत सर त्यांना गप्प करायचे नाहीत. तसा माणूस वाईट शिकवत नव्हता, ज्यांना येतं त्यांना चांगलं शिकवायचा.

दिवाळीनंतर मॅडम घरी आल्या. आशानं चहा टाकला. दादाभाऊ पडवीत बसला होता. वस्तीत त्याला सगळे राजा माणूस म्हणायचे. मनगटाला घड्याळ बांधायचा नाही, "दुधाची गाडी आली का?" एवढंच विचारायचा. मंचरला मार्केटात कांदा घेऊन गेला तर काट्याकडं बघायचा नाही. "तुमीच लावा, माझा इश्वास हाय," म्हणायचा. फोनमध्ये प्रत्येक माणसाचा फोटो लावून घेतलेला, त्या फोटोवर बोट ठेवून फोन करायचा. जानकू कौतुकानं सांगायचा, "आमच्या दादाभाऊला आकड्याची हाव न्हाई."

मॅडमनी समजावून सांगितलं. हा आळस नाही. पोरीची बुद्धी चांगली आहे, फक्त आकड्यांची वाट तिच्या डोक्यात नीट पडलेली नाही. पुण्याला सरकारी दवाखान्यात तपासणी होते, दाखला मिळतो. दाखला मिळाला की परीक्षेला वेळ जास्त मिळतो, माळ जवळ ठेवता येते, पुढं दहावीलाही सवलत आहे.

"दाखला?" दादाभाऊ म्हणाला. "अपंगाचा? उद्या पोरीची सोयरीक कोण करंल?"

"आधी शाळा तर होऊ दे तिची," आशा म्हणाली. "तुमीच म्हणला ना, आठवीला नापास झाली तर मेंढरामागं. मग पास व्हायला लागंल ते करू."

कारण तसं ठरलेलंच होतं. आठवीची परीक्षा आता खरी असते, ढकलून पुढं पाठवत नाहीत. जानकूचे गुडघे गेलेत. पोरगी नापास झाली की दप्तर खुंटीला आणि हातात काठी.

"आणि दादाभाऊ," मॅडम म्हणाल्या, "हे कधी कधी घराण्यातच असतं. नाकडोळे येतात तसं येतं. पुण्याचे डॉक्टर आईवडलांनाही समोर बसवतात. विचारतात, तुम्हाला शाळेत गणित कसं जायचं."

"मला खुशाल विचारा," आशा हसली. "मी सातवीपातूर पयल्या नंबरात व्हते. ह्यांचं न्हाई सांगत. ह्यांनी चौथीतच शाळा सोडली, मेंढरं आवडायची म्हणून."

दादाभाऊच्या ओठाला बशी लागली होती. त्यानं ती तशीच खाली ठेवली.

"बघू," म्हणाला, आणि उठून गेला.

तारीख मिळाली जानेवारीतली. त्याच सुमारास मंगल मॅडमना दुसरीकडच्या शाळा दिल्या, त्यांचे बुधवार बंद झाले. पण पुण्याला मी स्वतः येते, असं त्या सांगून गेल्या. आशानं प्रांजलचा नवा ड्रेस इस्त्री करून ठेवला. आणि मग एका संध्याकाळी दादाभाऊ म्हणाला, "मॅडमचा फोन आला व्हता. तारीख रद्द झाली म्हणं. पुढं कळवतील."

"पुढं कधी?"

"कळवतील म्हणल्या."

घरात फोन एकच, तो त्याच्या खिशात. आशानं ड्रेसची घडी पेटीत ठेवली. दोनदा तिनं विचारलं, दोन्हीदा तो म्हणाला, "अजून काय न्हाई." शाळेचे मोठे सर प्रांजलला म्हणाले, "दाखला आण, मग लेखी देतो. तोवर घेऊन बस माळ, बघू." बघू! या माणसांच्या बघूनं किती पोरं बुडाली असतील!

गणिताच्या पेपरला प्रांजल मला घेऊन बसली. मी बाकावर, उन्हात तापलेली. पहिलं गणित तिनं केलं, दुसरं केलं. हळू, पण बरोबर. मला माहीत आहे, माझ्यावरच केलं. तिसऱ्याला संपत सर फिरत फिरत आले.

"हे काय?"

"माळ हाय सर. मोठ्या सरांनी—"

"दाखला आहे?"

"न्हाई. यायचाय."

"मग ही कॉपी झाली. दे इकडं."

"सर, नका ना. तिच्याबिगर मला न्हाई येत."

त्यांनी ओढलं. तिनं सोडलं नाही. बाई, मी दोघांच्या मधे. चांदबीनं ढिला सोडलेला दोरा, ताण बसला आणि तुटला. तांबडे, पांढरे, सगळे मणी फरशीवर उधळले. बाकांखाली, दाराबाहेर, सरांच्या बुटाखाली. वर्ग खो खो हसला. "जप मोडला, जप मोडला!"

प्रांजलनं पेपर बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर बसून मला गोळा करायला लागली. एकेक मणी ओढणीत. सर म्हणाले, "पेपर लिही आधी." तिला ऐकूच आलं नाही. घंटा झाली तेव्हा ती शेवटच्या बाकाखाली होती. पेपरावर दोनच गणितं. दोन्ही बरोबर.

निकाल लागला. एका विषयात नापास. जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यात नाही झाली तर पुन्हा आठवी. "कशाला पुन्हा?" दादाभाऊ म्हणाला. "झालं ते झालं. बा, उद्यापासून पोरीला न्या संगं." प्रांजलनं दप्तर खुंटीला अडकवलं. मला तिनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवलं होतं. बरणीतून मी तिला काठी घेऊन जाताना बघितलं.

मग दोष कुणाचा यावर वस्तीत चर्चा झाली. संपत सर म्हणाले, मॅडमनी लाड केले. जानकू म्हणाला, नशीब. आशा म्हणाली, सरांनी माझ्या पोरीचं वाटोळं केलं. आणि शेजारणी म्हणाल्या, जाऊ दे गं, पोरीच्या जातीला गणित कशाला. मला बरणीत धुमसण्यापलीकडं काही करता येईना.

मे महिन्यात मंगल मॅडमची स्कूटी दारात आली. निकाल त्यांच्या कानावर गेला होता. मेंढरं दुपारची झाडाखाली बसवून प्रांजलही पाणी प्यायला आली होती. दादाभाऊ पडवीत होता.

मॅडम आल्या त्याच तणतणत. "आशाताई, तुम्ही पुण्याला यायला नको का म्हणालात? मी किती धडपड करून ती तारीख मिळवली होती!"

आशा बघतच राहिली. "मॅडम, तुमीच रद्द केली ना?"

"मी? मला तर फोन आला की प्रांजलचं आता जमायला लागलंय, पुण्याची गरज नाही."

"कुणाचा फोन?"

दोघींनी पडवीकडं बघितलं.

आता मी सांगते, जे फक्त मला ठाऊक आहे. त्या जानेवारीत एका भर दुपारी, घरात कुणी नसताना, दादाभाऊनं मला खुंटीवरून काढलं होतं. मांडी घालून बसला. दाराकडं बघितलं. मग मणी सरकवायला लागला. ओठ हलत होते. एक, दोन, तीन... आणि त्याचा अंगठा सातव्या मण्यापाशी येऊन थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. अंगठ्याला घाम आला. तोच घाम बाई, तोच! लेकीचा आणि बापाचा. माझा सातवा मणी भिजला आणि मला सगळं कळलं. काट्याकडं न बघणारा राजा माणूस, घड्याळ न बांधणारा, फोटोवर बोट ठेवणारा. चौथीत शाळा का सोडली तेही कळलं. त्यानं मला जागेवर टांगलं, फोन काढला आणि मॅडमच्या फोटोवर बोट ठेवलं.

लेक खरं बोलते हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, त्याला होतं. पुण्याला कुणीतरी त्याला समोर बसवून विचारलं असतं, एवढ्याचीच भीती. त्या भीतीपायी त्यानं स्वतःचं झाकलं आणि पोरीला उघड्यावर टाकलं.

"का केलं असं?" आशा ओरडली. "का ओ? बोला की!"

मग प्रांजल पुढं झाली. तिनं त्याच्याकडं बघितलं, जशी कळपाकडं बघते तशी, एका नजरेत.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमचंबी आकडं सरकत्यात व्हय?"

दादाभाऊची मान खाली. मग उठला, चप्पल घातली, आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "दुधाची गाडी आली का?"

भर दुपारी कसली दुधाची गाडी!

आशा दुसऱ्याच दिवशी बरणी काखेत मारून एसटीनं जुन्नरला गेली. चांदबीनं मणी ओतले. काही हरवले होते, काही बुटाखाली फुटले होते. तेवढ्या जागी तिनं मंगळसूत्राचे काळे मणी ओवले आणि दोरा तिपेडी घातला. ढिलाच ठेवला, पण आता हत्तीनं ओढला तरी तुटायचा नाही. "कोणी तोडली?" तिनं विचारलं. आशानं सगळं सांगितलं. चांदबीनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "आता कुणी इचारलं तर माझं नाव सांगा. चांदबीनं गाठवली म्हणा. ठणकावून सांगा."

आता मी प्रांजलच्या दप्तरात आहे. मॅडमनी पुन्हा तारीख मिळवली. उद्या पहाटेच्या गाडीनं ती, आशा आणि मी पुण्याला निघणार. फेरपरीक्षा पुढच्या आठवड्यात. तोवर दाखला हातात पडेल का, मला सांगता येत नाही. नाही पडला तर आशा शाळेच्या दारात बसणार आहे, असं ती मोठ्या सरांना तोंडावर सांगून आली आहे. काठी पुन्हा जानकूकडं गेली. तिसरं तिकीट काढायचं का, हे आशानं दादाभाऊला विचारलं. तो म्हणाला, "बघू."

तुम्ही शाळेत शिकवत असाल, तर माझं एक ऐका. एखादं लेकरू म्हणालं की मला आकडे कळत नाहीत, तर त्याला दुसरं काय काय येतं ते त्याच्या तोंडावर फेकू नका. त्याच्या हातात काहीतरी द्या, जे सरकेल. आणि माळ ओढू नका. संपत सरांनी माझा दोरा तोडला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दोरा पुन्हा गाठवता येतो, चांदबी आहे.

पोरीनं बापाला त्या दिवशीच माफ केलं, मला दिसलं. मी केलेलं नाही. तिच्या दुखण्याचं नाव ज्याला जन्मापासून ठाऊक होतं आणि ज्यानं तोंड उघडलं नाही, त्याचं नाव मी घेणार, वस्तीच्या समोर घेणार, कुणी राजा माणूस म्हटलं की दर वेळी घेणार: दादाभाऊ जानकू कोळपे.